सावळीराम मिस्तरीची चूक

सावळीराम पांचाळनं निफाडकडचा एक माळी मारला, बिबट्याचं नुसतं नाव झालं, असं आमच्या बोळात आठ वर्षं बोललं जात होतं. मोठ्यानं नाही. टपरीवर, बशीतल्या चहावर फुंकर मारायच्या निमित्तानं. कुणी म्हणायचं, म्हाताऱ्याला दिसत नव्हतं, बंदुकीत स्प्रिंग उलटी बसवली. कुणी म्हणायचं, नवी सांगून जुनीच घातली. एकानं तर मला शपथेवर सांगितलं की सावळीराम भरदुपारी लावून बसायचा. ज्यानं हे त्याला सांगितलं त्यानं मूळ गोष्ट माझ्याकडूनच ऐकली होती, आणि मी दारूचं नावही काढलं नव्हतं. बातमी बोळाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचेपर्यंत तिला मिशा फुटतात. बहुतेक बातम्यांना त्या मीच लावलेल्या असतात, म्हणून ठाऊक.

माझं नाव चिंतामण. आमचं घराणं पंचवटीतल्या उपाध्यांचं. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांच्या सात-सात पिढ्या आमच्या वह्यांत आहेत. कोण कुणाचा, कोण दत्तक, कोण घर सोडून गेला. तेव्हा दुसऱ्याच्या घरात डोकावणं हा आमचा वडिलोपार्जित धंदा. लोक त्याला चहाडी म्हणतात, म्हणोत. सकाळची कामं उरकली की मी पूल ओलांडून रविवार कारंजाच्या अलीकडच्या बोळात जायचो आणि सावळीरामच्या दुकानातल्या बाकावर बसायचो. तीस वर्षं बसलो. त्या बाकाला माझ्या आकाराचा खळगा पडलाय असं त्याची बायको वत्सलाबाई म्हणायची, आणि ते कौतुकानं म्हणत नसे.

सावळीराम मूळचा नांदगावचा. बाप लोहार, नांगराचे झिजलेले फाळ तापवून, ठोकून शेवटायचा. पोरगं अंबडला एका कारखान्यात लेथवर लागलं, पण साहेबाशी पटेना. मग या बोळातल्या बंदूक-दुरुस्तीच्या जुन्या दुकानात उमेदवारीला राहिला. मालकाला मूलबाळ नव्हतं. मालक गेला तेव्हा दुकान आणि परवाना रीतसर याच्या नावावर झाला. जाडजूड बोटं, त्यांत काळं तेल मुरलेलं. लग्नाला आला तरी नखं काळीच. मी विचारायचो, "मिस्तरी, वहिनींनी तुम्हाला पसंत केलं ते हात खिशात घालून बसला होता म्हणून का?" तो म्हणायचा, "गुरुजी, तुमची पसंती तोंड बंद असताना झाली असणार."

गंमत म्हणजे या माणसानं आयुष्यात स्वतःच्या हातानं एकही बार काढला नाही. बँकेच्या रखवालदारांच्या बंदुका, शेतकऱ्यांच्या बंदुका, शेकड्यांनी नीट केल्या, पण आवाज नको म्हणायचा. त्याच्याकडे सहा लाकडी काडतुसं होती, शिसवीची, लेथवर स्वतः उतरवलेली, लाल रंग दिलेली. खऱ्या बारा बोअरच्या मापाची. दुरुस्त झालेली बंदूक गिऱ्हाइकाला तशीच द्यायची नाही, असा त्याचा नेम होता. आधी ही लाकडी भरायची, गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं चालवायची. वीस वेळा. एकदा जरी अडली तरी बंदूक परत पडद्याआड, दुरुस्तीच्या टेबलावर. मोठे मोठे बागाईतदार घड्याळ बघत, कपाळाला आठ्या घालत वीस वेळा खटॅक-खटॅक करायचे आणि मी बाकावर बसून मोजायचो. मुद्दाम चुकवायचो.

आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणात भिमाजी आला. निफाडच्या पुढं कादवेच्या काठाला त्याचं फुलांचं रान. झेंडू, शेवंती, बांधाला मेथी-कोथिंबीर. शेजारी लोकांचा ऊस, आणि उसात बिबट्या. आधी कुत्री गेली, मग चुलत्याचं वासरू गेलं, तेव्हा यानं रीतसर परवाना काढून एक वापरलेली पंपाची बंदूक घेतली. असल्या बंदुकीला मोठ्या नळीच्या खाली दुसरी एक नळी असते. बंदुकीच्या पोटाला असलेल्या तोंडातून भरलेली काडतुसं तिच्यात एकामागं एक झोपतात, पुढून स्प्रिंग त्यांना मागं रेटत असते आणि स्प्रिंग नि काडतूस यांच्यामध्ये एक छोटी टोपी. हातातली मूठ मागं ओढली की रिकामं बाहेर पडतं, पुढं ढकलली की नवं आत जातं. हे सगळं मला बाकावर बसूनच आलं.

भिमाजीबरोबर त्याची बायको कलाबाई होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, डोक्यावरचा पदर दोन मिनिटांनी एकदा सारखा करणारी.

"मिस्तरी, हिच्या पोटात काय तरी बिघडलंय," भिमाजी म्हणाला. "पहिला बार निघतो. दुसरं काडतूस वर येतच नाय."

सावळीरामनं बंदुकीला हातही लावला नाही. "काडतुसं दाखवा आधी."

भिमाजीनं पिशवीतून चार काढली. सावळीरामनं एकेक काउंटरच्या काचेवरून घरंगळत सोडलं. तिसरं अडखळत गेलं.

"ठेवता कुठं ही?"

"न्हाणीच्या वरच्या फळीवर. नातवाचा हात पुरत नाय म्हणून."

"नातवाचा नाही, वाफेचा पुरतो. हे फुगलंय, नळीत अडणार. कोरड्या जागी ठेवत जा." मग त्यानं लाल लाकडी काडतुसं पुढं केली. "आता ही भरा आणि चालवा. मला बघू द्या."

भिमाजीनं मूठ ओढली. दोन बाहेर पडली, तिसरं मध्येच तिरकं होऊन बसलं.

"भिमाजी, फुलं खुडताय का?"

"म्हंजी?"

"इतकं हळू ओढताय. मूठ पार मागं, ठेचली पाहिजे. मग पार पुढं. अर्ध्यातनं परत फिरला की काडतूसपण अर्ध्यातच राहतं. त्याला काय कळतंय तुमच्या मनात काय आहे?"

कलाबाई पदरात हसली. "घरीबी असंच हाय. अर्ध्यातनंच माघारी फिरत्यात."

"तू गप गं," भिमाजी म्हणाला, पण तोही हसला. पुढच्या वेळी त्यानं अशी मूठ ओढली की माझा चहा हिंदकळला.

सावळीरामचं एक ठरलेलं होतं. बंदूक अडली की आधी काडतुसाला विचारायचं, मग हाताला, आणि सगळ्यात शेवटी बंदुकीला. लोक उलटं करतात, म्हणायचा. आधी बंदुकीला शिव्या देतात. भिमाजीच्या बाबतीत काडतूस आणि हात दोन्ही सापडले होते, तरी त्यानं बंदूक ठेवून घेतली. "स्प्रिंगपण बघतो. आठ दिवसांनी या."

आठ दिवसांनी दोघं आली. भिमाजीनं वीस वेळा मूठ मारली, एकदाही अडली नाही. मी अठरालाच वीस म्हणालो तर सावळीराम म्हणाला, "गुरुजी, दक्षिणा मोजताना नाही चुकत तुम्ही." भिमाजीला घेऊन तो सह्या करायला आतल्या टेबलाशी गेला. कलाबाई माझ्याजवळ सरकली.

"गुरुजी, एक इचारू का? खंडेनवमीला हिची पूजा करायची म्हणते. आमच्यात विळ्या-खुरप्याची करत्यात. बंदुकीची कशी असती?"

बाईचा चेहरा इतका भाविक होता की माझ्या जिभेला खाज सुटली. नुसतं हळदीकुंकू लावा म्हणालो असतो तर संपलं होतं. पण मी डोळे मिटले, गंभीर झालो आणि म्हणालो, "बंदुकीचं शास्त्र निराळं असतं. तिला पाटावर उताणी ठेवायची, पोट वर. देवाला शस्त्राचं पोट दिसलं पाहिजे. आणि अक्षता पोटावर वाहायच्या. हात आखडता घ्यायचा नाही."

"आन् तेल?"

"खोबरेल लावा. गंजत नाही."

असलं काही कुठल्याही पोथीत नाही. तिनं दोन्ही हात जोडून मान हलवली. संध्याकाळी हे मी घरी रंगवून सांगितलं आणि बायकोची बोलणी खाल्ली. मग विसरून गेलो.

त्या वर्षी निफाडला थंडी अशी पडली की द्राक्षवाले बागांतून शेकोट्या पेटवत होते. मार्गशीर्षातला गुरुवार, शेवंतीला भाव. नवराबायको उजाडता उजाडता फुलं खुडायला रानात उतरली. भिमाजीच्या खांद्याला बंदूक होती. उसातून बिबट्या निघाला. भिमाजीनं पहिला बार हवेत काढला. एरवी एका आवाजाला पळणारं जनावर, त्या दिवशी पळालं नाही. खाली बसलं आणि त्याच्यावरच आलं. दुसरा बार निघाला नाही. माणसं काठ्या घेऊन धावेपर्यंत जे व्हायचं ते झालं होतं. नाशिकच्या दवाखान्यात आणता आणता तो वाटेतच गेला.

बंदुकीचा मालक गेला की परवानाही जातो आणि बंदूक जमा करावी लागते. पोलिसांचे कागद झाले, पंचनाम्यात 'दुसरी फैर झाली नाही' एवढंच होतं. पौषात कलाबाई बंदूक घेऊन सावळीरामकडे जमा करायला आली. एकटी. मी तिला आधी ओळखलंच नाही. गोल चेहरा पार आत गेला होता. बंदूक काउंटरवर ठेवून ती म्हणाली, "मिस्तरी, मी कुणावर केस करणार नाय. मला एवढंच सांगा, हिला काय झालं व्हतं? मला घास जात नाय."

सावळीरामनं विचारलं, "काडतुसं?"

"कोरडी व्हती. कोठीत ठिवायची, तुमी सांगितलं तशी."

"मूठ?"

"पार मागं वढली. पार पुढं. मी समोर व्हते ना. दोनदा वढली. नुसती खट् खट् वाजली."

 सावळीराम बंदूक घेऊन पडद्याआड गेला. मी टपरीवरून चहा मागवला. तिनं कप हातात धरून ठेवला, प्याली नाही. आतून स्क्रूड्रायव्हरचे आवाज येत होते.

बऱ्याच वेळानं ती माझ्याकडे वळली. "गुरुजी, माझ्या हातून पूजेत काय ऱ्हायलं का?"

"कसली पूजा, बाई?"

"खंडेनवमीची. तुमी सांगितली तशीच केली. उताणी ठिवली पाटावर. हळदकुंकू, खोबरेल. दोन मुठी अक्षता वाह्यल्या, हात आखडला नाय. यांनी हसून म्हणलं, बंदुकीला जेवू घालतीस का काय. मंग काय चुकलं माझं? द्येव का कोपला? सासूबाई म्हणत्यात, तुझ्याच हातात दोष हाय. मलाबी तसंच वाटाय लागलंय. रात्रंदिवस तेच येतं मनात, की मीच मारलं त्यांना."

आतला आवाज थांबला होता.

"काही चुकलं नाही," मी म्हणालो. "पूजा यथासांग झाली." उपाध्याला हे वाक्य झोपेतही म्हणता येतं.

पडद्याआड किती वेळ गेला कोण जाणे. चहावर साय धरली. मग सावळीराम बाहेर आला. हात फडक्याला पुशीत होता, पुसलेच पुशीत होता. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या पूजेचा काही संबंध नाही. चूक माझी आहे. श्रावणात स्प्रिंग बदलायला हवी होती. चालेल म्हणून मी जुनीच ठेवली. थंडीत ती मेली, काडतूस रेटेना. भिमाजीचा हात बरोबर होता. तुमचापण बरोबर होता."

कलाबाई उभी राहिली. कप काउंटरवर ठेवला, सांडू न देता. "खरं सांगताय?"

"खरं."

"माझ्या गळ्याची आन घ्या."

सावळीरामनं गळ्याची आण घेतली. इतक्या वर्षांत मी त्याला आण घेताना पाहिलं नव्हतं.

मग ती बोलायला लागली. ओरडली नाही. सावकाश, एकेक शब्द वेचून, त्याच्या हातांना, त्याच्या दुकानाला, त्याच्या येणाऱ्या दिवसांना ती जे बोलायचं ते बोलली. सावळीराम खाली मान घालून ऐकत होता, जसा वीस मोजेपर्यंत गिऱ्हाइकासमोर थांबायचा तसा, शेवटपर्यंत. ती गेली. मी तिच्यामागोमागच उठलो. इतकी मोठी बातमी घेऊन मला बाकावर बसवेना. दिवेलागणीपर्यंत बोळाला कळलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निफाडला.

त्यानंतर ते दुकान ज्या पद्धतीनं बसलं ते बघण्यासारखं होतं, आणि मी रोज बघायला जात होतो. आधी बँकांचे रखवालदार यायचे थांबले. मग बागाईतदार. एक जण चांगली चालणारी बंदूक दुसरीकडून तपासून आणून याला दाखवून गेला, नुसता टोचायला. वर्षभरात दिवसाला एक माणूसही फिरकेना. परवान्याची मुदत आली तेव्हा सावळीरामनं नूतनीकरणाचा अर्जच केला नाही. जमा असलेल्या बंदुका दुसऱ्या दुकानात रीतसर पोचवल्या आणि शटर अर्धं खाली ओढून आत कुलपं, किल्ल्या, कुकरची झाकणं नीट करायला लागला. लाकडी काडतुसं भिंतीवरच्या फळीवर ओळीनं उभी असायची. त्यांच्यावरची धूळ मात्र पुसलेली असायची.

मी चेष्टा सोडली नव्हती. "मिस्तरी, एका स्प्रिंगनं घात केला बघा."

"हो ना," तो म्हणायचा.

एकदा वत्सलाबाई माझ्यावर उसळली. "गुरुजी, माझ्या मालकाचं नाव तुम्ही धुळीला मिळवलंत. तुम्ही बाहेर बोलला नसता तर ती बाई बोलणार नव्हती."

"त्यांना काही बोलू नको," सावळीराम आतून म्हणाला. "त्यांना काही म्हणायचं नाही. सांगून ठेवतो."

मी तेव्हा ते दोस्तीखातर समजलो.

दसऱ्याला कलाबाई झेंडूनं भरलेले वेताचे हारे घेऊन कारंजावर बसायला लागली. बोळातल्या सगळ्यांना ती तोरणं द्यायची, सावळीरामचं दार सोडून. त्याच्या दाराशी आली की मान वळवून पुढं जायची. तो मला हळूच विचारायचा, "बाई कशी दिसते?"

"चांगली भरलीय. नातवाला घेऊन बसते. तुम्हाला शिव्या देते."

"देते ना?"

"चांगल्या ठेवणीतल्या."

"मग बरी आहे," तो म्हणायचा आणि कुकरचं झाकण उलटं करून बघायचा.

अशी पाच वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्याच्या छातीचं दुखणं बळावलं. वत्सलाबाईनं निरोप पाठवला म्हणून गेलो. त्यानं तिला बाहेर जायला सांगितलं आणि उशीखालून तंबाखूची पत्र्याची डबी काढून माझ्या हातात दिली. तो तंबाखू खात नव्हता. डबी हलवली तर आत काहीतरी खुळखुळलं. त्यानं मला सगळं सांगितलं. सांगताना रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"ती बाई आहे तोवर कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "जमेल का?"

"जमेल."

"तुमचं अवघड आहे, गुरुजी," तो म्हणाला आणि हसला. खोकला आला. चार दिवसांनी तो गेला. मूठभर माणसंही नव्हती. स्मशानात एक जण माझ्या कानाला लागून म्हणाला, शेवटी निफाडच्या बाईचे तळतळाट लागले. मी काही बोललो नाही. तो माझ्याकडे असं बघायला लागला की जणू मीच आजारी आहे.

तीन वर्षं गप्प बसलो. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट आहे जी मी ऐकली आणि जागच्या जागी ठेवली. बायकोनं डॉक्टरला विचारलं, यांचं बोलणं का कमी झालंय. डॉक्टर म्हणाले वय. डबी माझ्या देवघरात मागच्या बाजूला होती. दसऱ्याला कलाबाईकडून हार घ्यायचो. तिच्या तोंडून सावळीरामच्या नावानं दोन शब्द निघायचे, मी मान हलवायचो. ती जेवत होती, नातवाला शाळेत धाडत होती, झोपत होती. एकदा मला म्हणाली, "गुरुजी, बरं झालं त्या मिस्तरीनं कबूल केलं. न्हाय तर मी इहीर जवळ केली असती."

या भाद्रपदात ती गेली. झोपेत गेली म्हणतात. तेरावं झालं. आता ऐकून कुणाच्या घशात घास अडकणार नाही, माझ्याखेरीज.

सावळीरामनं भिमाजीच्या बंदुकीत स्प्रिंग नवी घातली होती आणि सुलटी घातली होती. काडतुसं कोरडी होती. भिमाजीनं मूठ पार मागं ओढली होती. खालच्या नळीत, टोपी आणि नळीची भिंत यांच्यामध्ये, थंडीनं गोठलेल्या खोबरेलात कुंकवाच्या अक्षता अडकल्या होत्या. त्या कलाबाईनं वाहिल्या होत्या. तशा वाहायला मी सांगितलं होतं.